नदीचा गोटा आणि छातीतली धूळ

नदीच्या पात्रातले गुळगुळीत गोटे पाण्याने घडवले, असे आपण म्हणतो. खरे तर पाणी दगड वाहून नेते. घासण्याचे काम दगडच दगडावर करतो. पुरात घरंगळताना कोपऱ्यांना सर्वाधिक मार बसतो आणि ते आधी झिजतात. त्यामुळे दगड लवकर वाटोळा होतो, लहान मात्र सावकाश होतो. सोबतची वाळू पॉलिश पेपरसारखी त्याला घोटते.

असा गोटा ओळखायचा कसा? त्याला धारदार कड नसते, पृष्ठभाग टणक असतो. गारगोटीसारख्या कठीण गोट्यांवर आपटल्याच्या बारीक चंद्रकोरी दिसतात. सह्याद्रीत मात्र फसगत होऊ शकते. डोंगरउतारावरचा काळा पाषाण जागच्या जागी कुजूनही गोल होतो. पण त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. तो नदीचा गोटा नव्हे.

हा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक तयार झाला. पाषाण झिजला, कठीण अकीक उरला आणि प्रवाहांनी त्याचे गोटे केले. गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूर परिसरात ते जुन्या गाळाच्या थरांत सापडतात. खंभातचे कारागीर त्यांचे मणी आणि खडे घडवतात.

नदी दगड ओला घासते. चुरा पाण्याबरोबर जातो. फिरत्या चाकावर तोच दगड कोरडा घासला की चुरा हवेत उडतो. पाच मायक्रॉनहून लहान कण थेट वायुकोशांत पोहोचतात आणि फुप्फुसात गाठी धरतात. हाच सिलिकोसिस. धाप वाढत जाते, क्षयरोगाचा धोकाही वाढतो. तो पूर्ण बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही तो बळावू शकतो. काम घरातच चालत असेल, तर ही धूळ बायकामुलांच्याही श्वासात जाते.

प्रतिबंध हाच उपाय. दगड पाणी सोडून घासावा, धूळ जागीच ओढून घेणारा पंखा बसवावा. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. खाण, खडी क्रशर, फरशी कटाई यांनाही हेच लागू आहे. अशा कामगाराला खोकला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना आधी आपला धंदा सांगावा आणि छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. धंदा कळला नाही, तर सिलिकोसिस नुसता क्षय समजला जाऊ शकतो.