ट्रॅक्टरमागचं खोरं आणि त्याचा अंगठा

कृषी प्रदर्शनात मिनी ट्रॅक्टरच्या मागे लावलेला छोटा बॅकहो दिसला की माणसं थांबतात. हात लावून बघतात, बकेटच्या दातावरून बोट फिरवतात आणि दोन प्रश्न विचारतात: किती एचपीला चालतो? किती फूट खाली जातो? विक्रेत्याला दोन्ही उत्तरं तोंडपाठ असतात. खरेदी फसते ती न विचारलेल्या दोन प्रश्नांवर. ट्रॅक्टरचं वजन किती, आणि हे धूड ट्रॅक्टरला नेमकं कुठे धरून राहणार?

गैरसमज नावापासूनच सुरू होतात. आपल्याकडे माती खणणारं कुठलंही पिवळं यंत्र म्हणजे जेसीबी. ती खरं तर जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रजाची आद्याक्षरं. त्याने १९४५ साली भाड्याच्या गॅरेजात ट्रेलर बनवायला सुरुवात केली, त्यातून ती कंपनी उभी राहिली. यंत्राचं खरं नाव बॅकहो लोडर. आता त्यातला ‘बॅक’ म्हणजे ‘ट्रॅक्टरच्या मागे असतो तो’, असं जवळजवळ सगळेच धरून चालतात. तसं नाही. ‘हो’ म्हणजे खोऱ्याच्या जातीचं अवजार, आणि ‘बॅक’ आलं ते माती आपल्याकडे ओढण्यावरून. पुढचा लोडर मातीत घुसून उचलतो. बॅकहो खोऱ्यासारखा खेचतो. एवढा शब्दाचा कीस काढला, कारण निवडीचं मर्म त्यातच आहे. जे यंत्र मातीला आपल्याकडे ओढतं, त्याला मातीही तेवढ्याच जोराने ओढत असते.

म्हणून ‘एचपी जास्त तर खोदाई जास्त’ हे गणित चुकतं. खोदतं ते तेल. तेलाच्या दाबावर जोर ठरतो आणि मिनिटाला किती लिटर येतं त्यावर वेग. उदाहरणच घेऊ. ६३ मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरचं, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत जॅकचं, आतलं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटर. दाब १५० बार असेल तर दांड्यावर पावणेपाच टनांच्या आसपास जोर येतो, मग पुढे इंजिन वीस एचपीचं असो की चाळीसचं. पंप मिनिटाला २५ लिटर देत असेल तर अर्ध्या मीटरचा स्ट्रोक पुरा व्हायला पावणेचार सेकंद लागतात. एवढं तेल एवढ्या दाबाने ढकलायला ताकद लागते साडेआठ एचपी. घर्षणाचा तोटा धरून दहा म्हणा. वीस एचपीच्या ट्रॅक्टरलाही ते जड नाही.

पावणेपाच टन ऐकून मात्र हुरळून जाऊ नये. बूम, आर्म, पिना यांतून बकेटच्या दातापर्यंत पोचेतो त्यातला थोडाच हिस्सा उरतो. पण टनाच्या आतबाहेर वजनाच्या मिनी ट्रॅक्टरला फरपटवायला तोही पुरतो. मुरमात बकेट रुतली की बकेट येत नाही, ट्रॅक्टर जातो. नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागेत फवारणीसाठी घेतलेले अरुंद ट्रॅक्टर तर याला सगळ्यात कच्चे. ते मुद्दाम हलके आणि कमी रुंदीचे बनवलेले असतात. भरलेली बकेट आडवी फिरवली की त्या बाजूचं चाक दबतं आणि समोरच्या बाजूचं उचलायला बघतं.

खोलीच्या आकड्याचंही तसंच. अमेरिकेत घरमागच्या जागेसाठी छोट्या ट्रॅक्टरवर बॅकहो सर्रास घेतात. कुबोटाच्या बीएक्स २३ एस वर बसणारा बॅकहो सुमारे सहा फूट खोदतो. आपल्याकडेही छोट्या बॅकहोच्या पत्रकावर असाच काहीतरी आकडा असतो आणि लोक लगेच शेततळ्याची स्वप्नं रंगवतात. पत्रकावरची खोली म्हणजे आर्म पूर्ण सोडल्यावर दात टेकू शकतात तो एक बिंदू. सपाट तळाचा लांब चर हवा असेल तर त्यातून कमीच धरायचं. आणि शेततळं? तोंड १५ बाय १५ मीटर, खोली तीन मीटर, बाजूंचा उतार एकास एक, असं धरलं तर ४४१ घनमीटर माती निघते. खणल्यावर माती फुगते. पाव पट वाढ धरली की झाली साडेपाचशे. चाळीस लिटरच्या बकेटने ती काढायला पावणेचौदा हजारांच्या वर बकेटा लागतील. एका फेरीला पंचवीस सेकंद धरले तर चहापाण्याला न थांबता ९५ तास, तेही सहा फुटांचा आर्म तीन मीटरच्या तळाला पोचतो असं गृहीत धरून. मोठ्या जेसीबीची पाव घनमीटरची बकेट हेच काम बारा-तेरा तासांत उरकते. शेततळ्याला जेसीबी तासावर बोलवावा हेच बरं.

छोट्याचं काम वेगळं. उभ्या बागेतून पाइपलाइनचा चर काढायचा, गोठ्यामागे शोषखड्डा घ्यायचा, घर आणि कुंपण यांच्यामधल्या सहा फुटांत शिरायचं, ओल्या काळ्या जमिनीत सात-आठ टनांचं यंत्र फिरवून ती दाबायची नाही. कोकणात हापूससाठी मीटरभर लांब, रुंद, खोल असे खड्डे दहा-दहा मीटरवर घेतात, म्हणजे हेक्टरी शंभर. माती असेल तिथे छोटा बॅकहो हे काम निमूट करतो. कातळ लागला की तो काय, त्याचा मोठा भाऊही नुसता दात झिजवतो. तिथे ब्रेकरच लागतो.

आता सगळ्यात महागात पडणारी समजूत: ‘थ्री-पॉइंटला अडकवलं की झालं.’ नांगर अडकतो, रोटाव्हेटर अडकतो, मग बॅकहो का नाही? ट्रकला असते तशी चासी ट्रॅक्टरला असते, असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक ट्रॅक्टरांना ती नसतेच. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल हे बिडाचे डबे एकमेकांना बोल्टने आवळलेले असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा असतो. नांगराचा ओढा सरळ रेषेत येतो, तो या कण्याला सोसतो. बॅकहोचा जोर मात्र वर-खाली उचकटणारा, दर फेरीला दिशा बदलणारा. टॉप लिंकच्या एका ब्रॅकेटमधून तो गिअरबॉक्सच्या पाठीवर जातो. बीड वाकत नाही, तडकतं. एका गॅरेजात मी असा ट्रॅक्टर पाहिला आहे: क्लच हाउसिंगच्या बोल्टाच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर, तिच्यातून पाझरलेलं तेल आणि त्यावर चिकटलेली लाल धूळ. मालक म्हणत होता, ‘तेल गळतंय, सील बदलून द्या.’

दुसरा धोका जिवाचा आहे. बहुतेक ट्रॅक्टरांची लिफ्ट खालचे दोन हात फक्त उचलते, खाली दाबून धरत नाही. बकेट मुळाखाली अडकवून जोर लावला की बॅकहोचा सांगाडा वर उसळून टॉप लिंकभोवती फिरू शकतो, आणि चालवणारा बसलेला असतो त्या सांगाड्याच्या आणि ट्रॅक्टरच्या मध्ये. म्हणून सबफ्रेम हवी. मागच्या अ‍ॅक्सलला धरून पोटाखालून पुढच्या लोडरच्या पायांपर्यंत जाणाऱ्या दोन पोलादी पट्ट्या बॅकहोचा धक्का पूर्ण लांबीवर वाटून घेतात. पत्रकात सबफ्रेमचा उल्लेख नसेल तर पुढचं पान उलटायची गरज नाही.

यातलीच एक बारीक गोष्ट. बाजूचे स्टॅबिलायझर टेकवून मागची चाकं उचलली की ट्रॅक्टर घट्ट बसला, असं वाटतं. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असतात. ती हवेत गेली की हँडब्रेक ओढलेला असूनही उतारावर ट्रॅक्टरला धरणारं काही उरत नाही. पुढची लोडर बकेट जमिनीत टेकवून ठेवायची ती यासाठी.

तेलाची गोष्टही आधी निस्तरावी. ट्रॉली उलटवायला असलेल्या मागच्या कपलिंगला दोन होज जोडून बॅकहो चालेल, असं सांगणारे भेटतात. चालतोही, पण पंपाचं तेल सतत दाबाखाली अडकून तापतं किंवा लिफ्टला मिळत नाही. बॅकहोच्या व्हॉल्व्हमधून तेल पुढे लिफ्टकडे जाईल अशी जोडणी तरी हवी, नाहीतर पीटीओवर चालणारा स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र टाकी.

एवढं जमलं तर अंगठ्याचा विचार करावा. बकेट म्हणजे अंगठा नसलेला पंजा. माती ओंजळीत येते, पण धोंडा ओठावर येऊन घरंगळतो. बांधावरची बाभूळ पाडल्यावर तिचे ओंडके, बाग काढल्यावरचे बुंधे, नाहीतर कोकणातल्या गडग्याचे ओबडधोबड दगड एकेक उचलून जागी बसवायचे, तर बकेटसमोर टेकणारी दोन बोटांची पोलादी पट्टी लागते. तो अंगठा. एक प्रकार पिन घालून ठरावीक कोनात पक्का करायचा, दुसरा हायड्रॉलिक, स्वतःच्या जॅकवर हलणारा.

हायड्रॉलिक अंगठा जास्त घट्ट पकडतो, हा यातला लाडका गैरसमज. पकड देते ती बकेट. दोन्ही प्रकारांत अंगठा समोर भिंतीसारखा उभा असतो आणि बकेटचा मोठा जॅक दगड त्याच्यावर दाबतो. हायड्रॉलिकने मिळते ती सोय: दगड लहान-मोठा असला तरी खाली उतरून पिन बदलावी लागत नाही, आणि खोदताना अंगठा लिव्हरवरच मिटून आर्मला चिकटवता येतो. दिवसभर दगडच हलवायचे असतील तर ही सोय मोलाची. महिन्यातून दोन ओंडके उचलणाऱ्याला पिनेचा अंगठा पुरे, आणि त्यात गळायलाही काही नसतं.

बकेटचा जॅक अंगठ्याच्या जॅकपेक्षा ताकदवान असतो, त्यातून आणखी एक भानगड होते. बकेट दाबत राहिली की अंगठ्याच्या जॅकमध्ये कोंडलेल्या तेलाचा दाब पंपाच्या दाबाच्याही वर चढतो. त्या तेलाला वाट हवी. अंगठ्याच्या लाइनवर रिलीफ व्हॉल्व्ह असला की अंगठा थोडा मागे सरतो आणि प्रकरण मिटतं. नसला तर दांडा वाकतो किंवा होज फुटते. जोडणी स्वस्त करण्यासाठी नेमका हाच व्हॉल्व्ह गाळतात. बॅकहोला जास्तीचा लिव्हर नसेल तर स्टॅबिलायझरच्या लाइनवर डायव्हर्टर व्हॉल्व्ह टाकून बटणाने तेल वळवता येतं. तेल तिकडे वळलेलं असताना स्टॅबिलायझर जागेवर कुलूपबंद राहतील एवढं पाहावं.

‘वेल्डरकडून मारून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी आधी प्लायवूड आणावा. आर्मवर बसवलेला अंगठा एका पिनेभोवती फिरतो, बकेट दुसऱ्या. दोघांचे कमानीसारखे मार्ग सगळीकडे जुळत नाहीत. बरोबर मापाचा अंगठासुद्धा ठरावीक टप्प्यातच दातांना भेटतो. बकेटच्याच पिनेवर बसणारा अंगठा पूर्ण फेरीत जुळतो, पण त्याची किंमत आणि खटपट जास्त. प्लायवूडचा अंगठा कापून, आर्मवर शिकंज्याने धरून बकेट हळूहळू पूर्ण मिटवून-उघडून पाहिली की दहा मिनिटांत कळतं कुठे घासतंय, कुठे फट राहतेय, आणि मिटल्यावर बकेटच्या पाठीला तो आड येतो का. मग वेल्डिंग. त्याचं अर्थिंग सांध्याच्या शेजारीच लावायचं, दूर लावलं तर करंट पिना-बुशांतून जातो. जॅकच्या चकचकीत दांड्यावर ओली गोणी टाकायची, कारण ठिणगीचा एक थेंब तिथे चिकटला तरी पुढच्या प्रत्येक फेरीला तो सील ओरबाडतो.

वजन फुकट येत नाही. अंगठा, जॅक, ब्रॅकेट मिळून चाळीस किलो भरले, तर आर्मच्या टोकाला उचलायच्या ओझ्यातून जवळजवळ तेवढेच वजा. मोठ्या यंत्राला त्याचं काही नाही. दीडशे किलो उचलणाऱ्याला पाव हिस्सा गेला.

आणि नवी होज जोडल्यावर थेंब कुठून पडतोय ते हात फिरवून शोधू नये. दाबाखालच्या सुईएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीच्या आत घुसतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण ती काही तासांच्या आत सर्जनने उघडून धुवायची असते. होजच्या बाजूने पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. जिथे ओला डाग पडेल तिथे गळती. मग इंजिन बंद करून, सगळे लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब उतरवायचा आणि त्यानंतरच पाना लावायचा.