अक्षरांची रसद

पुण्याच्या रेड हॅटमध्ये जोपासलेला ‘लोहित मराठी’ हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आणि दिसायला साधा आहे. लग्नपत्रिकेसाठी तो कुणी निवडणार नाही. मला कौतुक आहे ते तो संगणकापर्यंत कसा पोचतो याचं.

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर पाठवायचा म्हणजे फॉन्टही धाडावा लागे. समोरच्याकडे श्रीलिपी नसली की पानभर चिन्हांचा चिवडा. पानिपतावर 1761 साली भाऊसाहेबांच्या फौजेची रसद आधी तुटली, लढाई नंतर झाली. सॉफ्टवेअरचंही बहुधा असंच होतं. ही रसद सांभाळतो पॅकेज मॅनेजर: लिनक्सच्या डेबियन-उबुंटू वितरणांवर 1998 साली जन्मलेला ‘ॲप्ट’, फेडोरावर 2015 पासून ‘यम’च्या जागी आलेला ‘डीएनएफ’.

लोहितचा आराखडा ‘फॉन्टफोर्ज’च्या फायलींत असतो. त्यातून ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं, ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्या’ धरून फॉन्ट तयार होतो. इथवर काम एकच. पुढे मात्र फेडोरा त्याचं आरपीएम पॅकेज बांधते आणि डेबियन डेब पॅकेज. नावंही उलटसुलट: तिकडे ‘लोहित-मराठी-फॉन्ट्स’, इकडे ‘फॉन्ट्स-लोहित-देव-मराठी’, कारण ‘फॉन्ट्स’ शब्द एकाच्या नियमात शेवटी, दुसऱ्याच्या नियमात आधी! आरपीएमची सगळी कृती एका ‘स्पेक’ फायलीत मावते. डेबियनला कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग अशा वेगवेगळ्या फायली लागतात. दुहेरी मेहनत खरी, पण आवृत्ती, परवाना, काय बदललं आणि आणखी काय लागेल हे दोन्हीकडे लिहिलेलं असतं. सही जुळली नाही तर पॅकेज मॅनेजर हरकत घेतो. पेनड्राइव्हवरून आलेल्या फायलीला हे कोण विचारतं?

मॅकवर 2009 पासून होमब्रू आहे, विंडोजवर आता विंगेट. तरी सगळीकडे चालेल असं एकच पॅकेज अजून रुळलेलं नाही, आणि मला त्याची घाईही वाटत नाही. प्रत्येक घरचा रिवाज ओळखून बांधलेलं पॅकेज जास्त टिकतं, असं माझं मत.

तेव्हा लिनक्सवर कधी ‘ऱ्या’ तुटलेला दिसला, तर नुसती कुरकुर नको. पॅकेजचं नाव, आवृत्ती क्रमांक आणि तो शब्द एवढं लिहून आपल्या वितरणाच्या तक्रारवहीत नोंदवा.