लुंबिनीला जायचे, पण कोणत्या महिन्यात?

परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विमान, पासपोर्ट आणि लाखाची थैली उभी राहते. भिवापूरच्या मिरचीच्या सातऱ्यावर दिवसभर देठ खुडणाऱ्या आमच्या माता-भगिनींना "परदेशी जाता काय?" असे विचारले, तर त्या पदर तोंडाला लावून हसतील. परंतु बंधू-भगिनींनो, तथागतांचा जन्म झाला ती लुंबिनी आज नेपाळात आहे. म्हणजे ती परदेशातच आहे आणि तेथे रेल्वेने व बसने जाता येते. भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा लागत नाही. म्हणून आपल्या वस्तीतील पुष्कळ कुटुंबांची पहिली आणि बहुधा शेवटची परदेशयात्रा हीच असते.

जी गोष्ट आयुष्यात एकदाच करायची, ती चुकीच्या ऋतूत केली तर काय होते, हे आम्ही स्वतः भोगले आहे.

आमच्या आईचे एकच म्हणणे होते, "बुद्धाचं जनमगाव मले एकडाव पाहाचं हाय, बाकी काई नोको." 2011 साली आम्ही तिला घेऊन निघालो. जायचे तर बुद्धपौर्णिमेलाच जायचे, हा हट्ट आईचा नव्हता, आमचा होता. शाळांना सुट्टी होती, आमचीही रजा शिल्लक होती. महिना मे. डब्यात पंख्याची हवासुद्धा भाजत होती. गोरखपूरहून बसने सोनौलीला उतरलो आणि सीमेच्या रांगेत आईला भोवळ आली. परत गोरखपूरला आणून दोन दिवस दवाखान्यात सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी पुढे न्यायला मनाई केली. सीमेपासून लुंबिनी तीस किलोमीटरसुद्धा उरली नव्हती. आई काही बोलली नाही. 2013 साली ती गेली.

तेव्हापासून आमच्याकडे कोणीही लुंबिनीची गोष्ट काढली की आम्ही पैशाचे नंतर विचारतो. आधी विचारतो, "महिना कोणता?"

खरे तर प्रवास कोणत्या ऋतूत करू नये, हे तथागतांनीच अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. पावसाळ्यातही भिक्खू हिंडतात, कोवळी रोपे तुडवतात, लहान जीव मारतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा बुद्धांनी वर्षावासाचा नियम घातला. तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे आणि वर्षावास संपला की पुन्हा चारिकेला निघावे. आपण आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास पाळतो, विहारात ग्रंथवाचन करतो. हा काळ त्याच भूमीच्या हवामानाला धरून ठरलेला आहे.

लुंबिनी डोंगरात नाही. नेपाळ म्हणताच लोक स्वेटर भरतात. परंतु लुंबिनी हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट प्रदेशात, तराईत आहे. तेथील हवा काठमांडूसारखी नसून गोरखपूरसारखी आहे. म्हणून वर्षाचा हिशेब असा मांडावा.

एप्रिल ते जूनचा मध्य हा उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर जातो, लू वाहते. बुद्धपौर्णिमेचा सोहळा डोळ्यांचे पारणे फेडणारा असतो, पण गर्दीही तेवढीच. मायादेवी मंदिराच्या परिसरात पादत्राणे काढून चालावे लागते, हेही ध्यानात ठेवावे. म्हातारे आणि तान्ही मुले बरोबर असतील तर हे दिवस टाळावेत. पौर्णिमा आपल्या विहारात साजरी करावी, पुण्य कमी होत नाही.

जूनचा मध्य ते सप्टेंबर हा पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस धो धो कोसळतो, सखल भागात पाणी साचते. आपल्याकडेही तेव्हा धानाच्या रोवणीची मजुरी असते, ती बुडवून जाण्यात अर्थ नाही.

डिसेंबरची अखेर ते जानेवारी हा धुक्याचा काळ. नाताळाच्या सुट्टीत जाणाऱ्यांची येथे फसगत होते. तराईत कित्येक दिवस सूर्य दिसत नाही. उत्तर प्रदेशातील गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. फलाटावर लेकरांना घेऊन रात्र काढावी लागते आणि दम्याच्या माणसाचे हाल होतात.

राहिले दोन काळ. ऑक्टोबरची अखेर ते डिसेंबरचा मध्य आणि फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य. हेच उत्तम. पण यातही मेख आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास नेपाळात दशैं व तिहार असतात, पुष्कळ व्यवहार बंद असतात. दिवाळीनंतर छठपूजा येते, तेव्हा गोरखपूरकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि सातऱ्यावरचे काम भरात असते.

सर्व गोष्टी ताडून पाहिल्या तर आपल्या भिवापूर भागातील कष्टकरी कुटुंबासाठी छठपूजा आटोपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे आठवडे सर्वांत चांगले. धानाची कापणी बहुतेक उरकलेली असते, मिरचीचे सातरे अजून जोर धरायचे असतात. मजुरी मुळीच बुडणार नाही असा महिना गरिबाच्या पंचांगात नसतो. कमीत कमी बुडेल तो महिना निवडायचा असतो.

महिना ठरला की तयारीचा क्रम ठेवावा. रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून फक्त 60 दिवस आधी मिळते. म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस निघायचे तर सप्टेंबरच्या अखेरीस पैसे हातात हवेत. बचत गटातून उचल करायची असेल तर पोळ्यापूर्वीच विषय काढावा.

कागदपत्रांत आपले लोक हमखास चुकतात. मोठ्या माणसाला मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट लागतो, नुसत्या आधार कार्डावर भागत नाही. पंधरा वर्षांखालील मुलांना आणि पासष्ट वर्षांवरील वडीलधाऱ्यांना आधारसारखे फोटो असलेले कार्ड चालते. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांचा ठराविक नमुन्यातील दाखला घ्यावा. भारताच्या शंभर रुपयांना नेपाळचे एकशे साठ मिळतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून शंभराच्याच नोटा जवळ ठेवाव्यात.

तेथे घाई करू नये. 1978 साली जपानी वास्तुशिल्पी केंझो टांगे यांनी आखलेला लुंबिनीचा परिसर सुमारे पाच किलोमीटर लांब आहे. पूर्वेस थेरवादी विहार, पश्चिमेस महायानी विहार आहेत. एक मुक्काम तरी करावाच. 1997 साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. परतीच्या वाटेवर गोरखपूरपासून पन्नास-एक किलोमीटरवर कुशीनगर आहे. जन्मभूमी आणि महापरिनिर्वाणभूमी एकाच खेपेत होतात.

बाबासाहेब नागपूरच्या दीक्षेनंतर महिनाभरातच, नोव्हेंबर 1956 मध्ये, जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. प्रकृती साथ देत नव्हती, तरी गेले. त्यांनी ऋतू पाहिला नव्हता, कर्तव्य पाहिले होते. आपल्याला मात्र ऋतू पाहण्याची सवड आहे. ती वाया का घालवावी?

2023 च्या नोव्हेंबर अखेरीस आम्ही पुन्हा गेलो. या वेळी भावजय, मुले आणि शेजारची सत्तरीतली मावशी बरोबर होती. हवा अशी की मावशी एकदाही "थांबा" म्हणाली नाही. अशोकस्तंभाजवळ आम्ही मुलांना सांगितले, राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर सम्राट अशोक स्वतः येथे आला. बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने या गावाचा कर माफ केला आणि पिकाचा केवळ आठवा हिस्सा ठेवला. मावशी म्हणाली, "म्हंजे राजानं यात्रा केली अन् गरिबाचं ओझं हलकं झालं."

पुष्करिणीच्या काठी ऊन कोवळे होते. आम्ही बराच वेळ बसून होतो. आईच्या जागी मावशी बसली होती.

आपल्या घरात कोणी वृद्ध लुंबिनीची वाट पाहत असेल, तर त्यांना पुढच्या वर्षावर ढकलू नका आणि मे महिन्यातही नेऊ नका. आजच कॅलेंडर उघडा आणि छठपूजेच्या पुढच्या आठवड्यावर खूण करा.

जयभीम!