मूठभर धान्य आणि नकाराधिकार

‘आंतरराष्ट्रीय शांतिसंस्था’ हा शब्दप्रयोग दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि अशा संस्थांचा उपयोग काय, या वादातील निम्मा गोंधळ त्यातूनच निर्माण होतो. पहिल्या प्रकारच्या संस्था सरकारांनी आपसांत करार करून उभारलेल्या असतात. संयुक्त राष्ट्रसंघ किंवा जागतिक बँक यांच्याकडे असलेले अधिकार सदस्य-राष्ट्रांनी दिलेले असतात आणि त्यांनी दिले तेवढेच असतात. दुसऱ्या प्रकारच्या संस्था सामान्य नागरिक उभ्या करतात. त्यांच्यापाशी सैन्य नसते, कायद्याची सत्ता नसते, बहुधा पुरेसा पैसाही नसतो. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे या शेजारच्या तालुक्यांनी या दोन्ही प्रवाहांना एकेक माणूस दिला, आणि तेही अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने जन्मलेले. ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे विनोबा भावे जन्मले आणि १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते येथे, रोह्याच्या देशमुख घराण्यात, चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले.

देशमुखांचे नाव आज रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून घेतले जाते. मात्र जुलै १९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असतानाच, अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे ४४ राष्ट्रांची जी परिषद भरली तिच्या भारतीय शिष्टमंडळात ते होते, हा संदर्भ शांततेच्या चर्चेत क्वचितच येतो. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचा जन्म या परिषदेत झाला. त्यामागचा विचार असा होता की, १९३० च्या दशकातील मंदी, बेकारी आणि चलनांच्या किमती पाडण्याची चढाओढ यांनी युद्धाची जमीन नांगरून ठेवली होती. म्हणून पुढचे युद्ध टाळायचे तर राष्ट्रांच्या अडचणीच्या काळात हाताशी येईल असा सामाईक निधी हवा. मागासलेल्या देशांचा विकास हेही या संस्थांचे उद्दिष्ट मानले जावे, असा भारतीय शिष्टमंडळाचा आग्रह होता. भारत तेव्हा स्वतंत्रही नव्हता, हे लक्षात घेतले की त्या आग्रहाचे मोल कळते.

बँकेने शांततेसाठी नेमके काय केले, याचे सर्वांत ठळक उदाहरण भारताच्याच सीमेवर सापडते. सिंधू आणि तिच्या उपनद्यांच्या पाण्यावरून भारत व पाकिस्तान यांच्यात फाळणीनंतर लगेच तंटा उभा राहिला, त्यात जागतिक बँकेने जवळजवळ नऊ वर्षे मध्यस्थी केली आणि १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे सिंधू जलकरारावर सह्या झाल्या. तीन नद्या इकडे, तीन तिकडे, अशी विभागणी करून बँक थांबली नाही. पाकिस्तानला नवे कालवे व धरणे बांधता यावीत म्हणून तिने अनेक देशांकडून पैसाही उभा केला. १९६५, १९७१ आणि १९९९ या तिन्ही युद्धांत हा करार टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित केला तेव्हा करारामागे असलेली संमती काढून घेतली गेली, आणि ती परत मिळवून देण्याची ताकद कोणत्याही बँकेकडे नव्हती.

संयुक्त राष्ट्रसंघाविषयीची निराशाही याच मुद्द्याशी येऊन थांबते. २४ ऑक्टोबर १९४५ रोजी अस्तित्वात आलेल्या या संघटनेत शांतता व सुरक्षिततेची मुख्य जबाबदारी १५ सदस्यांच्या सुरक्षा परिषदेवर आहे, आणि तिच्या पाच कायम सदस्यांपैकी कोणालाही नकाराधिकार वापरून, म्हणजे एकट्याच्या विरोधी मताने, महत्त्वाचा ठराव रोखता येतो. महासत्तांना एकत्र बांधून ठेवण्यासाठी ही तरतूद केली गेली; तिची किंमत अशी की, ज्या संघर्षात त्यांपैकी एखादीचा हितसंबंध गुंतलेला असेल तेथे परिषद मुकी होते. शांतिरक्षणासाठी तर संघटनेकडे स्वतःचे सैन्यही नाही. सदस्य-राष्ट्रे आपापल्या तुकड्या पाठवतात, आणि भारताने आजवर दोन लाखांहून अधिक जवान या कामी पाठवले आहेत. २०२४-२५ या वर्षासाठी या दलांचे अंदाजपत्रक सुमारे ५.६ अब्ज डॉलर होते, तर २०२४ मधील जगाचा लष्करी खर्च २,७०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला. शस्त्रांवर शंभर रुपये खर्च होतात तेव्हा शांतिरक्षणाच्या वाट्याला वीस पैसे येतात.

या तुटपुंजेपणाचे परिणाम भयंकर झालेले आहेत. बोस्नियातील स्रेब्रेनिका हे शहर राष्ट्रसंघाने ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून घोषित केले होते; तेथे काहीशे डच शांतिरक्षक तैनात असतानाही जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले. जे राखता येणार नाही त्या संरक्षणाचे वचन देणे हा मुळात वचनच न देण्यापेक्षा मोठा अपराध आहे. तरीही केवळ अशा घटनांवरून निर्णय देणे अन्यायाचे ठरेल, कारण दंगल झाली तर ती दिसते आणि टळली तर तिची बातमी होत नाही. व्हर्जिनिया पेज फोर्टना या अमेरिकी संशोधिकेने यादवी युद्धांनंतर जेथे शांतिरक्षक गेले आणि जेथे गेले नाहीत अशा प्रसंगांची तुलना केली, तेव्हा शांतिरक्षक गेलेल्या ठिकाणी युद्ध पुन्हा भडकण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, असा निष्कर्ष निघाला.

विनोबांनी या प्रश्नाला दुसऱ्या टोकाकडून हात घातला. दंगलीत निःशस्त्रपणे उतरणाऱ्या शांतिसेनेची कल्पना गांधीजींची. तिच्यावर विचार करण्यासाठी फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला बैठक ठरली होती, ती होण्याआधीच त्यांची हत्या झाली. भूदानाच्या पदयात्रेत केरळात असताना १९५७ मध्ये विनोबांनी ही सेना प्रत्यक्षात आणली आणि केरळचे गांधीवादी नेते के. केळप्पन तिच्यात अग्रभागी राहिले. दर पाच हजार वस्तीमागे एक शांतिसैनिक, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येला सत्तर हजार, असा विनोबांचा हिशेब होता. त्यामागे व्यवहारज्ञान होते, कारण पाच हजारांच्या वस्तीत सुमारे हजार घरे असतात आणि एका माणसाला हजार घरे ओळखता येतात. एरवी आजारपणात, भांडणतंट्यात, अडीनडीला त्या घरांतून जो फिरला आहे त्याचाच शब्द दंगलीच्या दिवशी ऐकला जाईल, हे विनोबांनी ओळखले होते.

या सेनेच्या निर्वाहासाठी सुचवलेली योजना तर मराठी घराला सहज कळणारी आहे. प्रत्येक घरात एक ‘सर्वोदय-पात्र’ ठेवायचे आणि त्यात रोज घरातील लहान मुलाच्या हाताने मूठभर धान्य टाकायचे. मोठ्यांची मूठ मोठी, पण मूल जेवण्यापूर्वी दुसऱ्यासाठी देण्याची सवय लावून घेते, म्हणून मूठ मुलाची. विनोबा या मुठीला शांततेसाठी दिलेले मत मानत. राष्ट्रसंघाची वर्गणी सरकारे भरतात आणि थकवतात. येथे वर्गणीदार रोज चुलीपाशी उभा होता. सत्तर हजारांचा आकडा मात्र कधीच गाठला गेला नाही, पात्रेही बहुतेक घरांतून पुढे दिसेनाशी झाली आणि १९७४-७५ च्या राजकीय वादळात विनोबा व जयप्रकाश नारायण यांच्या अनुयायांत पडलेल्या फुटीने सेना विस्कटली. तत्पूर्वी १९६९ च्या अहमदाबाद दंगलीत तिचे सैनिक पोळलेल्या वस्त्यांतून काम करत होते.

‘जय जगत’ ही विनोबांची घोषणा सीमेपलीकडे नेण्याचा पहिला प्रयत्न १ जानेवारी १९६२ रोजी लेबनॉनमधील ब्रुमाना येथे झाला. तेथे ‘जागतिक शांतिसेना’ स्थापन झाली आणि जयप्रकाश तिच्या अध्यक्षांपैकी एक झाले. चीनशी युद्ध झाल्यानंतर मार्च १९६३ मध्ये दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीयात्रा निघाली, तिचे नेतृत्व महाराष्ट्राच्या शंकरराव देव यांनी केले. चीनने प्रवेश नाकारला आणि यात्रा आसामात संपली. युद्धाच्या जखमा ओल्या असताना देशवासीयांचा रोष पत्करून चालणाऱ्यांचे धैर्य खरे होते, परंतु ज्या देशाशी बोलायचे तेथे ओळखीचे एक दारही नव्हते. याउलट नागालँडमध्ये जयप्रकाश, आसामचे मुख्यमंत्री बी. पी. चलिहा आणि ब्रिटिश पाद्री मायकेल स्कॉट यांच्या शांतिमंडळामुळे नागा बंडखोर व सरकार यांच्यात ६ सप्टेंबर १९६४ पासून युद्धबंदी लागू झाली. मंडळ १९६६ मध्ये संपुष्टात आले, तरी एम. आराम यांच्यासारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षे कोहिम्यात राहिले.

शांतिसेनेचे बीज अखेर परदेशात रुजले. तिचे काम सांभाळलेले नारायण देसाई १९८१ मध्ये कॅनडात ‘पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल’च्या स्थापनेत सहभागी होते. या संस्थेने ‘सोबत’ हे साधन घडवले: ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्याबरोबर परदेशी स्वयंसेवकाने सतत राहायचे, म्हणजे मारेकऱ्याला साक्षीदाराची आणि त्याच्या पाठीराख्यांना जगभरच्या बदनामीची भीती वाटते. ग्वाटेमालात बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांची संघटना होती. १९८५ मध्ये तिच्या दोन नेत्यांचे खून झाल्यावर उरलेल्यांना अशी सोबत दिली गेली.

२००२ मध्ये दिल्लीजवळच्या सूरजकुंड येथे स्थापन झालेली ‘नॉन्व्हायलंट पीसफोर्स’ ही त्याच वंशातील. तिचे दोन निःशस्त्र कार्यकर्ते १७ एप्रिल २०१४ रोजी दक्षिण सुदानमधील बोर येथे, राष्ट्रसंघाच्या तळातील निर्वासित छावणीत होते. सशस्त्र जमावाने छावणीवर हल्ला करून चाळीसहून अधिक माणसे मारली. त्या गदारोळात हे दोघे एका मातीच्या झोपडीत १४ बायकामुलांसह अडकले. बंदूकधारी तीनदा आत आले, या दोघांना बाहेर जाण्यास सांगू लागले, आणि प्रत्येक वेळी गळ्यातील ओळखपत्र पुढे करून दोघांनी जाण्यास नकार दिला, तेव्हा हल्लेखोर झोपडीतील एकाही जिवाला हात न लावता माघारी गेले.