लाईट गेली? आधी फ्रीजचं दार बंदच ठेवा!

बारामतीच्या जळोची मार्केटमधून आणलेली भाजी, दूध, मटण सगळं फ्रीजमध्ये ठेवलं आणि लाईट गेली. आता काय कराल?

दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण ४ तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास.

फ्रीजमधलं तापमान ४ अंशांच्या वर गेलं की जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून ४ तासांनंतरही लाईट आली नाही, तर फ्रीजमधलं दूध, मटण, उरलेली आमटी टाकून द्या. चव घेऊन पाहू नका. आजारी पाडणारे जिवाणू वासा-चवीवरून कळत नाहीत. गाजर, काकडी, लोणी मात्र चालतं.

फ्रीझरमधल्या मटणात अजून बर्फाचे कण असतील, तर ते पुन्हा गोठवता येतं.