कॅसेट पलटाव!

सुरतेच्या दक्षिणेला, उधना आणि सचिन या दोन स्टेशनांच्या मधे भेस्तान लागतं. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथं न थांबता निघून जातात, त्यामुळे मुंबईकरांना हे नाव फारसं ठाऊक नसतं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसाला मात्र ते बरोबर ठाऊक असतं. शेजारी पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, पलीकडे सचिनची जीआयडीसी, उधन्याचे लूम. उधन्याहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाणारी ३०६ किलोमीटरची तापी लाइन हा इथल्या मराठी वस्तीचा खरा रस्ता. नवापूरच्या स्टेशनात तर गुजरात-महाराष्ट्राची हद्द फलाटावरूनच जाते. खानदेशातनं या लाइनीनं माणसं आली, त्यांच्या पिशव्यांमधून डाळ, लोणचं आलं आणि ऐंशीच्या दशकापासून कॅसेटीही आल्या.

कॅसेटींचा विषय निघाला की ‘कुठल्या अल्बमवाचून जगणं शक्य नाही?’ हा प्रश्न येतोच. त्याचा उगम बराचसा बीबीसीकडे जातो. जानेवारी १९४२मध्ये, ऐन युद्धात, रॉय प्लमली यांनी रेडिओवर एक कार्यक्रम सुरू केला. पाहुणा निर्जन बेटावर अडकलाय असं समजायचं आणि त्यानं सोबतीला आठ तबकड्या निवडायच्या. कार्यक्रम आजही चालतो. पण त्या बेटावर रात्रपाळी नसते, भाडं नसतं, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं नसतात. शिवाय खरी पळापळ झाली की कुणी गाणी उचलत नाही. १९९४च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीनं लाखो लोक सुरत सोडून निघाले, तेव्हा टेपरेकॉर्डर काखोटीला मारून कुणी स्टेशन गाठलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून मी प्रश्न जरा बदलून घेतो: भेस्तानच्या खोल्यांमधून कुठल्या कॅसेटी झिजल्या?

पहिलं नाव कुणीही सांगेल, गीतरामायण. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांना वर्षभर चालेल अशा मालिकेसाठी गळ घातली, आणि १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पहिलं गीत प्रक्षेपित झालं. दर आठवड्याला एक नवं गीत. हिशोब बावन्न गाण्यांचा होता. त्या वर्षी अधिक मास आल्यानं ती छप्पन्न झाली. चाली सुधीर फडक्यांच्या, पण आवाज एकट्या त्यांचा नव्हता. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, सुरेश हळदणकर, राम फाटक, लता मंगेशकर असे कितीतरी गळे त्यात होते. आपण मात्र आज गीतरामायण म्हणतो तेव्हा कानात फक्त फडके, म्हणजे बाबूजी, असतात. कारण एचएमव्हीनं पुढे जो संच काढला, तो सगळा त्यांच्या एकट्याच्या आवाजात. रेडिओवरचं गीतरामायण ऐकलेली पिढी गेली आणि संचातलं तेवढं उरलं. कौसल्या, सीता, शूर्पणखा, सगळ्यांच्या तोंडची गाणी एक पुरुष गातो आणि कुणाला काही खटकत नाही, हे बाबूजींच्या शब्दोच्चाराचं सामर्थ्य. तरी मूळचे ते वेगवेगळे आवाज ऐकले की दशरथाच्या घरात खरोखर माणसं राहत होती असं वाटतं.

अल्बम म्हणजे नुसती दहा गाणी नव्हेत, त्याला आदि-अंत असतो, हे मला पटतं ते ‘शिवकल्याण राजा’मुळे. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ सालचा हा अल्बम. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लताबाईंचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. रामदास, कवी भूषण, सावरकर, कुसुमाग्रज अशी तीन शतकांतली माणसं एका तबकडीवर आणायची तर मधे कुणीतरी बोट धरून न्यायला हवं. ते काम निवेदन करतं. आता मोबाइलवर त्यातली गाणी सुटी ऐकली जातात आणि निवेदन आलं की पुढे ढकललं जातं. याच्याइतकं वाईट ऐकणं दुसरं नाही.

भेस्तानात मात्र या दोन्हींपेक्षा जास्त वाजला तो प्रल्हाद शिंद्यांचा आवाज. पांढरपेशा दिवाळी अंकांतल्या आवडत्या अल्बमांच्या याद्यांत तो क्वचित सापडतो, यात यादी करणाऱ्यांचंच दारिद्र्य दिसतं. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) विठ्ठलाची गाणी गायचे, भीमगीतं गायचे, कव्वाली गायचे आणि तिन्हीकडे गळा तोच: उघडा, वरच्या पट्टीत बेधडक चढणारा. एकाच चाळीत आषाढीला एका दारात आणि १४ एप्रिलला दुसऱ्या दारात हाच माणूस गात असे. त्यांच्या मागोमाग आनंद आणि मिलिंद ही मुलं आली, आणि ऐंशीच्या दशकात ‘नवीन पोपट’ लग्नाच्या वरातींतून जो उडाला तो अजून खाली बसलेला नाही.

हे सगळं घडलं कॅसेटमुळे. तोवर देशातला तबकड्यांचा बाजार जवळजवळ एकट्या ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे एचएमव्हीच्या, हातात होता. तबकडी छापायला कारखाना लागतो, ऐकायला महागडं यंत्र लागतं. कॅसेट भरायला एक खोली पुरते. दिल्लीच्या गुलशनकुमारांनी हे ओळखून स्वस्त कॅसेटींचा धडाका लावला, मुंबईत व्हीनस उभी राहिली, आणि गावोगाव लहान कंपन्या निघाल्या. ज्या बोलीला एचएमव्हीच्या स्टुडिओत फारशी जागा मिळाली नव्हती, त्या अहिराणीची गाणीही बाजारात आली. बहिणाबाई चौधरींची लेवा बोलीतली गाणी १९५२मध्ये पुस्तकातून आणि १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटातून मराठी घरांत पोचली होती खरी, पण लग्नातली, कानबाई देवीची, नवराबायकोच्या भांडणाची अहिराणी गाणी विकत मिळणं ही नवलाई होती.

साठ मिनिटांची कॅसेट उघडली तर आत चार मिलिमीटरांहून अरुंद अशी सुमारे ८६ मीटर फीत असते. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगानं ती सरकते. तीस मिनिटांनी खट् आवाज होऊन बटण वर येतं आणि घरातल्या सगळ्यात धाकट्याला हुकूम होतो, ‘ए, पलटाव!’ आवडतं गाणं परत ऐकायचं तर पेन्सिल खुपसून फिरवायचं, कारण मोटर चालवली की सेल उतरतात. या कटकटीमुळे नावडती गाणीही ऐकली जात. पाचव्यांदा ऐकल्यावर त्यातलं एखादं आवडू लागे. अल्बमवर जीव जडायचा तो असा.

पुढे व्हीसीडी आल्या, शंभर गाण्यांच्या एमपीथ्री आल्या, मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. ‘भाऊ, मराठी भक्ती टाक, थोडं अहिराणी टाक, उरलं त्यात हिंदी’, अशी ऑर्डर असे. कार्डात गायकाचं नाव नसे, क्रम नसे. आता अहिराणीची सद्दी यूट्यूबवर आहे. ‘हाई झुमका वाली पोर’ कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं, अहिराणीचा गंधही नसलेल्यांनी त्यावर नाच केले. पण तो एका गाण्याचा जमाना आहे. श्रावणात कानबाई बसते तेव्हा मांडवात स्पीकरवर हेच वाजतं, आणि आतल्या खोलीत बाया ओव्या म्हणतात त्या कुठल्याच कॅसेटीत नसतात.

गीतरामायण, शिवकल्याण राजा कुठं जाणार नाहीत. बोट टेकवलं की मिळतात. धोका आहे तो लहान कंपन्यांनी काढलेल्या, चुकीच्या शुद्धलेखनाची कव्हरं असलेल्या अहिराणी, भीमगीतांच्या आणि भारुडांच्या कॅसेटींना. कंपनी बंद पडली, मूळ फीत कुठं गेली याचा पत्ता नाही. माळ्यावरची प्रतच काय ती शिल्लक. तेव्हा दिवाळीची साफसफाई करताना ‘टेपच नाही तर या कशाला’ म्हणून त्या भंगारात घालू नका. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर तशीच लावू नका, आधी जाणकाराला दाखवा. जुना टेप काढला तर त्याचा रबरी पट्टा सैल झालेला असतो, तो बदलून घ्या, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. इअरफोनच्या भोकातून वायर थेट कॉम्प्युटरला जोडली की गाणं उतरवता येतं. एका बाजूला तीस मिनिटं लागतात, घाई चालत नाही. आणि फाइलला नाव देताना कव्हरवरची सगळी नावं लिहा: गायक, शाहीर, ढोलकीवाला, कंपनी. कव्हराचाही दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.