उचलीची वही कोणाच्या हातात?

जव्हार-मोखाड्यातल्या गेल्या ऐंशीपंच्याऐंशी वर्षांच्या उधारउसनवारीचा माग काढताना पुन्हा पुन्हा समोर येते ती धनकोची वही. 1930च्या दशकाअखेर ब्रिटिश अधिकारी सिमिंग्टन यांनी मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांची पाहणी केली. मोखाडा पेठा त्या भागांतच मोडत होता. जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचे संस्थान होते. पावसाळ्यात घेतलेली खावटी सुगीला दिडीदुपटीने फेडायची, लग्नासाठी पैसे उचलले की लग्नगडी होऊन सावकाराकडे राबायचे, अशी तेव्हाची रीत होती. 1976 साली वेठबिगारीविरोधी कायदा आला, पण उचल गेली नाही. आजही दिवाळीनंतर कातकरी, वारली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, आठवड्याला हातात फक्त खर्ची पडते आणि हिशेब होतो पावसाच्या तोंडावर. नवराबायकोने विटा किती पाडल्या, त्यातल्या फुटल्या किती, हे मालकाची वही सांगते.

व्यापारातल्या जबाबदारीचा विचार करताना इस्लामने नेमके या वहीवरच बोट ठेवले आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यातली 282वी आयत उधारी लिहून ठेवायला सांगते, आणि मजकूर देणेकऱ्याने सांगावा असे बजावते. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, असे हदीस सांगते. तेव्हा जकातीचे, म्हणजे धर्माने नेमून दिलेल्या दानाचे, अडीच टक्के काढून ठेवले की उद्योजक मोकळा झाला, असे होत नाही. दानाची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. सर महंमद युसुफ यांच्या देणगीतून 1930 साली जोगेश्वरीत इस्माईल युसुफ कॉलेज उभे राहिले. तरी 1976 सालीच मुंबईत निघालेली बैतुन्नस्र पतसंस्था मला अधिक मोलाची वाटते. व्याज न घेता, केवळ सेवाशुल्कावर कर्ज देऊन तिने धर्माची शिकवण थेट व्यवहारात उतरवली.

उचल नसेल तर पावसाळ्यात चूल कशी पेटेल, हा आक्षेप रास्त आहे. पण इस्लामी विधिशास्त्रालाही आगाऊ पैसे देणे वर्ज्य नाही. ‘सलम’ व्यवहारात पिकाची पूर्ण किंमत आधीच देतात. मात्र माल, माप आणि मुदत पक्की ठरलेली असावी लागते. म्हणजे दोष उचलीत नाही, अंधारातल्या हिशेबात आहे. भट्टीमालक सगळ्याच धर्मांचे, मग ही कसोटी त्यांना का लावायची, असेही कोणी विचारील. मजुराला त्याचा हिशेब कळावा, हे मान्य करायला कोणाला धर्म बदलावा लागत नाही. कायदा आहेच, पण भट्टीवर रोज अधिकारी उभा राहू शकत नाही, मालक मात्र रोज असतो. त्याने दर खर्चीच्या दिवशी वही मोठ्याने वाचावी, मजुराने सांगितलेला आकडा त्यात लिहावा आणि एक प्रत त्याला द्यावी. तेवढे झाले, तरच पुढचे दान शोभेल.